विश्लेषण : सामना जिंकला, तरी प्रशिक्षकाला नारळ! ‘एनएफएल’मध्ये दर जानेवारीला खांदेपालट का होतो?

५ जानेवारी २०२५ रोजी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने हंगामातील आपल्या शेवटच्या सामन्यात बफेलो बिल्सला २३-१६ असे हरवले. त्याच दिवशी, प्रेक्षक घरी पोहोचतात न पोहोचतात तोच, पॅट्रियट्सचे मुख्य प्रशिक्षक जेरॉड मायो यांच्या हकालपट्टीची बातमी आली. या पदावर त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. अमेरिकन फुटबॉलच्या ‘नॅशनल फुटबॉल लीग’मध्ये, म्हणजेच एनएफएलमध्ये, एकूण ३२ संघ आहेत. २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांत मिळून मुख्य प्रशिक्षकाची १५ पदे रिकामी झाली. त्याच वेळी, ‘याला काढा’ अशी ज्यांच्याविरुद्ध वर्षभरापूर्वी ओरड होती, ते फिलाडेल्फिया ईगल्सचे निक सिरियानी ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सुपर बोलचा करंडक उंचावताना दिसले. प्रशिक्षक बदलल्याने संघ खरेच सुधारतो का, आणि या पदाचे स्वरूप कसे बदलत आहे, याचा हा आढावा.

‘ब्लॅक मंडे’ म्हणजे काय?

एनएफएलच्या साखळी फेरीत प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. शेवटचा रविवार संपला, की बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांचे मालक हिशेब मांडायला बसतात. त्यानंतरच्या सोमवारी एकामागून एक प्रशिक्षकांची गच्छंती होते, म्हणून अमेरिकी माध्यमांनी त्या दिवसाला ‘ब्लॅक मंडे’ हे नाव दिले.

अलीकडे मालक तेवढीही वाट पाहत नाहीत. २०२४ च्या हंगामात न्यूयॉर्क जेट्सने रॉबर्ट साला यांना पाच सामन्यांनंतरच, ८ ऑक्टोबरला घरी पाठवले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स सेंट्सने डेनिस अॅलन यांना काढले. २८ नोव्हेंबरला डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात शिकागो बेअर्सचे मॅट एबरफ्लूस शेवटच्या क्षणी हातातला टाइम-आउट वापरायचे राहिले, घड्याळ संपले आणि सामनाही गेला. दुसऱ्याच दिवशी त्यांना नारळ मिळाला. शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात बेअर्सने हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढण्याची ती पहिलीच वेळ. या घाईचा फायदा काय झाला? जेट्स, सेंट्स आणि बेअर्स या तिन्ही संघांनी हंगाम ५ विजय, १२ पराभव अशा एकसारख्या निकालावर संपवला.

मुख्य प्रशिक्षकाला एवढे महत्त्व का?

क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला, की मैदानातील सूत्रे कर्णधाराकडे जातात आणि प्रशिक्षक ड्रेसिंग रूममध्ये बसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसे नाही. हा खेळ तुकड्या-तुकड्यांनी चालतो. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात आणि प्रत्येक संधीपूर्वी खेळ थांबतो. पुढची चाल कोणती, हे बहुतेक वेळा मैदानाबाहेरून ठरते. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाचे संचालन करणाऱ्या खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. ४० सेकंदांच्या घड्याळात १५ सेकंद उरेपर्यंत प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो; मग संपर्क आपोआप तुटतो. २००८ पासून बचाव फळीतील एका खेळाडूलाही ही सोय मिळाली.

संघात ५३ खेळाडू असतात. आक्रमणासाठी वेगळी फळी, बचावासाठी वेगळी आणि किक मारण्यासाठी वा ती अडवण्यासाठी तिसरीच. प्रत्येक फळीचा एक प्रमुख समन्वयक आणि त्याच्या हाताखाली जागेनुसार प्रशिक्षक, अशी ही उतरंड आहे. तिच्या टोकाला मुख्य प्रशिक्षक असतो. त्याच्या बरोबरीने, काही संघांत त्याच्या वर, ‘जनरल मॅनेजर’ असतो. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला किती पैसे द्यायचे, हे तो ठरवतो. म्हणजे स्वयंपाक एकाने करायचा आणि बाजार दुसऱ्याने. दोघांचे पटले नाही, तर जेवण बिघडणारच. मात्र, बिघडलेल्या जेवणाचा दोष बहुधा स्वयंपाक करणाऱ्याच्याच माथी येतो.

मालक प्रशिक्षकच का बदलतात?

पहिले कारण पैशांच्या नियमांत आहे. खेळाडूंच्या एकूण मानधनावर एनएफएलने कमाल मर्यादा घातली आहे. २०२४ मध्ये ती प्रत्येक संघासाठी २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. एखाद्या महागड्या खेळाडूला मुदतीआधी सोडले, तर त्याला दिलेल्या रकमेचा काही भाग पुढच्या वर्षीच्या मर्यादेतूनही वजा होऊ शकतो. त्यामुळे ५३ जणांचा संघ एका फटक्यात बदलता येत नाही. प्रशिक्षकांच्या पगाराला मात्र अशी मर्यादा नाही. करार साधारणपणे चार-पाच वर्षांचा असतो आणि मुदतीआधी काढले, तरी उरलेले पैसे द्यावे लागतात. अब्जाधीश मालकाला तो भुर्दंड परवडतो. कॅरोलिना पँथर्सने २०२० मध्ये मॅट रूल यांच्याशी सात वर्षांचा करार केला आणि तिसऱ्याच हंगामात, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना काढले. पुढचे प्रशिक्षक फ्रँक राइक यांना तर अकरा सामनेच मिळाले.

दुसरे कारण आशेचे आहे. एनएफएलमध्ये तळाच्या संघाची खालच्या श्रेणीत घसरण होत नाही. उलट, महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिला मान मिळतो. दूरचित्रवाणी हक्कांचे राष्ट्रीय उत्पन्नही सर्व संघांत सारखे वाटले जाते. म्हणजे हरल्यामुळे तिजोरी रिकामी होत नाही. तरीही पुढच्या मोसमाची तिकिटे खपवायची, तर चाहत्यांना काहीतरी नवे दाखवावे लागते. नवा प्रशिक्षक आणि ड्राफ्टमधून आलेला नवा क्वार्टरबॅक ही जोडी त्यासाठी सर्वांत सोयीची.

तिसरे कारण अधिक उघड आहे. मालक स्वतःला काढत नाही. जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज संघ विकत घेतला, तेव्हापासून ते स्वतःच त्याचे जनरल मॅनेजरही आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नेमलेले ब्रायन शॉटनहायमर हे त्यांच्या काळातील नववे मुख्य प्रशिक्षक. संघाचे शेवटचे सुपर बोल विजेतेपद मात्र १९९५ च्या हंगामातील आहे.

सर्वाधिकारी प्रशिक्षकाचे युग संपले का?

आजच्या प्रशिक्षकाचा साचा घडवला तो क्लीव्हलँड ब्राउन्सच्या पॉल ब्राउन यांनी. खेळाडूंना वर्गात बसवून शिकवणे, सामन्यांच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करणे, पूर्णवेळ सहाय्यक ठेवणे या पद्धती त्यांनी रुजवल्या. संघाला नाव त्यांचेच होते. तरीही जानेवारी १९६३ मध्ये मालक आर्ट मॉडेल यांनी त्यांना काढून टाकले. त्यानंतरच्या काळात टॉम लँड्री यांनी डॅलसमध्ये २९ हंगाम, तर चक नोल यांनी पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये २३ हंगाम काढले. संघ म्हणजे प्रशिक्षक, असे तेव्हाचे समीकरण होते.

त्या परंपरेतील बडे नाव म्हणजे बिल बेलिचिक. पॅट्रियट्समध्ये २४ हंगाम आणि सहा सुपर बोल विजेतेपदे. खेळाडू निवडण्याचा अंतिम शब्दही त्यांचाच. मात्र, २०२० मध्ये क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी संघ सोडून गेले आणि चार वर्षांत पॅट्रियट्स ४-१३ पर्यंत घसरला. ११ जानेवारी २०२४ रोजी बेलिचिक आणि पॅट्रियट्स वेगळे झाले. प्रशिक्षकाच्या सर्वाधिक विजयांचा डॉन शुला यांचा ३४७ चा विक्रम तेव्हा बेलिचिक यांच्यापासून अवघ्या १४ विजयांवर होता. तरीही त्या वर्षी एनएफएलमधील एकाही संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संघाकडे गेले. खेळाडू, पैसा आणि डावपेच या तिन्हींच्या किल्ल्या एकाच व्यक्तीच्या हाती द्यायला बहुतेक मालक आता तयार नाहीत, हे त्यातून दिसले.

त्यांची जागा दोन प्रकारच्या लोकांनी घेतली. पहिला प्रकार आक्रमणाच्या चाली रचणाऱ्या तरुण तज्ज्ञांचा. लॉस एंजेलिस रॅम्सने २०१७ मध्ये शॉन मॅकव्हे यांना नेमले तेव्हा ते ३० वर्षांचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये, ३६ व्या वर्षी ते सुपर बोल जिंकणारे सर्वांत तरुण मुख्य प्रशिक्षक ठरले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्यांनाही मागणी आली. सिनसिनाटीचे झॅक टेलर, ग्रीन बेचे मॅट लाफ्लूर आणि मिनेसोटाचे केव्हिन ओकॉनेल हे सारे त्यांचेच जुने सहकारी. दुसरा प्रकार व्यवस्थापकाचा. हा प्रशिक्षक स्वतः चाली सांगत नाही, योग्य माणसे योग्य जागी बसवतो आणि संघ एकत्र ठेवतो. सिरियानी आणि डेट्रॉइट लायन्सचे डॅन कॅम्पबेल या प्रकारात मोडतात.

पॅट्रियट्सचे कुठे बिनसले?

बेलिचिक गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मायो यांचे नाव जाहीर झाले. उत्तराधिकारी तेच, हे त्यांच्या करारात आधीच लिहिलेले होते. मायो याच संघाचे माजी खेळाडू. लाइनबॅकर खेळाडूंना शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव त्यांच्याकडे होता. मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी कधी सांभाळले नव्हते. ज्यांच्यामुळे संघ उभा होता ते बेलिचिक गेले, खेळाडू निवडणारी यंत्रणा नव्याने जुळत होती, क्वार्टरबॅक ड्रेक मे पहिल्याच वर्षात होते आणि त्यांना पुरेसे संरक्षण देणारी फळी नव्हती. निकाल पुन्हा ४-१३ लागला. बेलिचिक यांच्या शेवटच्या हंगामात होता तोच.

मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी निवेदनात दोष स्वतःकडे घेतला. मायो यांना आपणच पेलता न येणाऱ्या परिस्थितीत टाकले, अशी कबुली दिली. नोकरी गेली ती मात्र मायो यांची. गंमत अशी, की शेवटचा सामना हरला असता तर पॅट्रियट्सला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली असती. जिंकल्यामुळे संघ चौथ्या क्रमांकावर गेला. त्यानंतर ही धुरा माइक व्रेबल यांच्याकडे आली. तेही या संघाचे माजी खेळाडू. टेनेसी टायटन्समध्ये सहा हंगाम मुख्य प्रशिक्षक असताना जानेवारी २०२४ मध्ये त्यांनाही नारळ मिळाला होता.

लायन्सने वेगळे काय केले?

डेट्रॉइट लायन्सने शेवटचे विजेतेपद १९५७ मध्ये मिळवले आणि त्यानंतरच्या साडेसहा दशकांत बाद फेरीतील फक्त एक सामना जिंकला. जानेवारी २०२१ मध्ये संघाने कॅम्पबेल आणि जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांना एकत्रच आणले. पहिल्या हंगामात तीन विजय, १३ पराभव, एक बरोबरी. दुसऱ्या हंगामाची सुरुवात तर एक विजय आणि सहा पराभव अशी. अशा वेळी इतरत्र ‘ब्लॅक मंडे’चीही वाट पाहिली गेली नसती. मात्र ऑक्टोबर २०२२ मध्ये मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प यांनी पत्रकारांसमोर येऊन दोघांनाही पाठिंबा जाहीर केला.

उरलेल्या दहापैकी आठ सामने लायन्सने जिंकले. जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सला २४-२३ असे हरवून ३२ वर्षांनी बाद फेरीतला विजय मिळवला आणि २०२४ च्या साखळी फेरीत १५-२ अशी मजल मारली. इथे केवळ दम धरल्याचे फळ मिळाले, असे म्हणणे अपुरे ठरेल. माणसे एका वेळी आली होती, दोघांची खेळाडूंबाबतची आवड जुळत होती आणि दर ड्राफ्टमधून संघ भरत होता. निकाल दिसत नसला, तरी काम दिसत होते.

ईगल्सचा मधला मार्ग कोणता?

ईगल्सचे मालक जेफ्री लुरी यांच्याकडे दोन्ही बाजूंचा दाखला आहे. डग पेडरसन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सला पहिले सुपर बोल जिंकून दिले. तीनच वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये लुरी यांनी त्यांना काढले आणि सिरियानी यांना आणले.

सिरियानी यांनी दुसऱ्याच हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत नेले. त्या यशामुळे दोन्ही फळ्यांचे समन्वयक दुसऱ्या संघांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून उचलले. २०२३ मध्ये ईगल्सने पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले, मग शेवटच्या सहापैकी पाच गमावले आणि बाद फेरीत टॅम्पा बेने त्यांना ३२-९ असे लोळवले. सिरियानी यांच्या राजीनाम्याची मागणी जोर धरू लागली. लुरी यांनी मुख्य प्रशिक्षक कायम ठेवून दोन्ही समन्वयक बदलले. बचावासाठी अनुभवी व्हिक फँजिओ आणि आक्रमणासाठी केलन मूर आले. जनरल मॅनेजर हॉवी रोझमन यांनी सेक्वॉन बार्कली यांना करारबद्ध केले. २०२४ च्या हंगामात बार्कली साखळी फेरीत २,००५ यार्ड धावले आणि सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा धुव्वा उडाला. गळती बचावात आणि चालींच्या रचनेत होती. दुरुस्तीही तिथेच झाली.

यशस्वी संघांनाही धोका कसा?

चांगल्या संघाचे सहाय्यक इतरांना हवे असतात. १८ जानेवारी २०२५ रोजी लायन्स बाद फेरीत वॉशिंग्टन कमांडर्सकडून ४५-३१ असे हरले. त्यानंतरच्या चार दिवसांत आक्रमणाचे समन्वयक बेन जॉन्सन बेअर्सचे, तर बचावाचे आरन ग्लेन जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. ईगल्सचे मूरही सुपर बोल संपताच सेंट्सकडे गेले.

इच्छुकांचे वजनही वाढले आहे. जॅक्सनव्हिल जग्वार्सने पेडरसन यांना काढले, पण जनरल मॅनेजर ट्रेंट बाल्की यांना ठेवले. टॅम्पा बेचे समन्वयक लियाम कोएन यांनी आधी आहे तिथेच राहायचे ठरवले. बाल्की बाहेर पडले, तेव्हा कोएन जॅक्सनव्हिलला आले. प्रशिक्षक निवडायला निघालेल्या मालकाला आधी आपले घर नीट करावे लागले.

‘रूनी नियम’ काय सांगतो?

एनएफएलमधील निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. मुख्य प्रशिक्षकांत मात्र ते प्रमाण कधीच दिसले नाही. आधुनिक काळातील पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक आर्ट शेल यांची नेमणूक व्हायला १९८९ उजाडले. २००२ च्या सुरुवातीला टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन यशस्वी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची पदे गेल्यावर टीका झाली आणि २००३ पासून नवा नियम आला. स्टीलर्सचे डॅन रूनी यांच्या नावाने तो ओळखला जातो. मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी अल्पसंख्याक समाजातील किमान एका उमेदवाराची मुलाखत घ्यायची, असे बंधन त्यात होते. पुढे ही संख्या दोन झाली. २००३ मध्येच मुलाखतीविना नेमणूक केल्याबद्दल लायन्सच्या प्रमुखांना दोन लाख डॉलर दंड झाला. डंजी यांनी पुढे इंडियानापोलिस कोल्ट्सकडून २००७ मध्ये सुपर बोल जिंकले.

नियमाने दार उघडले, पण खुर्ची टिकवण्याची हमी दिली नाही. मायामी डॉल्फिन्सने काढल्यानंतर ब्रायन फ्लोरेस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये एनएफएलविरुद्ध खटला भरला. काही मुलाखती केवळ नियमाची पूर्तता म्हणून झाल्या, असा त्यांचा आरोप आहे. लीगने तो फेटाळला आहे. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा अल्पसंख्याक समाजातील मुख्य प्रशिक्षकांची संख्या नऊ, म्हणजे विक्रमी होती. त्यांतील मायो, साला आणि लास व्हेगास रेडर्सचे अँटोनियो पियर्स हे तिघे हंगाम संपेपर्यंत बाहेर पडले. रिकाम्या झालेल्या सात जागांवर नेमलेल्यांत ग्लेन हे एकमेव कृष्णवर्णीय.

मग संयम बरा की बदल?

संयमाची उदाहरणे कमी नाहीत. चक नोल यांचा पहिला हंगाम १-१३ होता, बिल वॉल्श यांचा सॅन फ्रान्सिस्कोमधला २-१४ आणि बेलिचिक यांचा पॅट्रियट्समधला ५-११. तिघांनीही पुढे सुपर बोल जिंकले. १९६९ ते २०२४ या ५६ हंगामांत स्टीलर्सने फक्त तीन मुख्य प्रशिक्षक पाहिले. बदलाच्या बाजूनेही पुरावे आहेत. फिलाडेल्फियात १४ हंगाम काढलेल्या अँडी रीड यांना २०१२ च्या हंगामानंतर काढण्यात आले. पुढे त्यांनी कॅन्सस सिटीत तीन सुपर बोल जिंकली, फिलाडेल्फियानेही दोन जिंकली. कमांडर्सने नवे प्रशिक्षक डॅन क्विन यांच्याबरोबर नवा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स आणला आणि एका वर्षात ४-१३ वरून १२-५ झेप घेतली. त्यात श्रेय प्रशिक्षकाचे किती आणि क्वार्टरबॅकचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. संघात नेमके काय बिघडले आहे, हे ओळखून बदल करणाऱ्यांना फळ मिळते. चाहत्यांचा राग शमवण्यासाठी माणूस बदलणाऱ्यांवर दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ येते. सिअॅटल सीहॉक्सने २०२४ मध्ये ७२ वर्षांच्या पीट कॅरल यांना बाजूला करून ३६ वर्षांच्या माइक मॅकडोनल्ड यांना आणले. २०२५ मध्ये त्याच कॅरल यांना, वयाच्या ७३ व्या वर्षी, रेडर्सने मुख्य प्रशिक्षक केले. एका संघासाठी संपलेला माणूस दुसऱ्यासाठी उपाय ठरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा सात संघ नव्या चेहऱ्यांसह उतरले. त्यांपैकी किती जण पुढच्या जानेवारीनंतरही त्याच बाकावर दिसणार, हे त्यांच्या डावपेचांइतकेच त्यांच्या मालकांवर अवलंबून होते.